न्यूक्लिओ-एफ४४६आरई आणि फ्रीआरटॉस : सीरियलच्या कामाला कितपत खरा उतरतो?

निकाल आधीच सांगून टाकतो. न्यूक्लिओ हा एसटी कंपनीची एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर चिप बसवलेला बोर्ड. बोर्ड दणकट आहे, चिप वेगवान आहे, पण तिचा यूएआरटी, म्हणजे सीरियल बाइट घेणारा-पाठवणारा भाग, जुन्या वळणाचा आहे. क्यूबएमएक्सने (एसटीचं कोड तयार करून देणारं साधन) तयार करून दिलेला सीरियलचा कोड जसाच्या तसा फ्रीआरटॉसवर (अनेक कामं, म्हणजे टास्क, आलटून-पालटून चालवणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम) चढवला, तर टेबलावर तो झकास चालेल आणि साइटवर बाइट गळतील. नीट बांधणी केली तर हाच बोर्ड ९,२१,६०० बॉडलाही (सेकंदाला तितके बिट) एक बाइट सोडत नाही. पाचपैकी साडेतीन. गेलेला दीड कशाचा, ते पुढे येईलच.

बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडवर एसटीएम३२ मागितला की बहुतेक दुकानदार निळी 'ब्लू पिल' पुढे करतात. तिच्या कित्येक पट पैसे मोजून न्यूक्लिओ का घ्यायचा? पहिलं कारण म्हणजे चिपची खात्री. ब्लू पिलवर एफ१०३चं नाव छापलेली नक्कल चिप सर्रास निघते. डीबगरला तिचा ओळख-क्रमांक ०x१बीए०१४७७ऐवजी ०x२बीए०१४७७ दिसतो आणि जोडणीच नाकारली जाते. दुसरं कारण म्हणजे न्यूक्लिओवर एसटी-लिंक/व्ही२-१ आधीच बसवलेला असतो, म्हणजे प्रोग्रामर, डीबगर आणि पीसीसाठीचा व्हर्च्युअल कॉम पोर्ट तिन्ही एकाच केबलवर. ती केबल मात्र मिनी-बी लागते. खोक्यात ती येत नाही, आणि घरात शोधायला गेलात तर जुन्या कॅमेऱ्याच्या पिशवीतच सापडेल.

आकडे असे: कॉर्टेक्स-एम४, १८० मेगाहर्ट्झ, ५१२ केबी फ्लॅश, १२८ केबी रॅम, आणि सीरियलच्या एकूण सहा वाहिन्या. त्यातली यूएसएआरटी२ ही पीए२ आणि पीए३ या पिनांवरून थेट एसटी-लिंकला जोडलेली आहे. इथे पहिली ठेच लागते. आर्डुइनोच्या खाचेवर डी० आणि डी१ असं छापलंय, म्हणून लोक तिथे जीपीएस किंवा जीएसएम मॉड्यूल जोडतात आणि काहीच येत नाही म्हणून तासभर डोकं खाजवतात. त्या दोन खाचा कारखान्यातून तुटक येतात. एसबी६२ आणि एसबी६३ हे सोल्डर-पूल जोडून एसबी१३ आणि एसबी१४ काढल्याशिवाय तिथे सिग्नल पोचत नाही. डाग देत बसण्यापेक्षा बाहेरच्या यंत्रासाठी यूएसएआरटी१ घ्या: टीएक्स डी८ वर, म्हणजे पीए९, आणि आरएक्स डी२ वर, म्हणजे पीए१०. यूएसएआरटी२ छापखान्यासारखी फक्त डीबगचे संदेश काढायला ठेवा.

एका बाइटचं घर

या चिपचा स्वभाव एका गोष्टीत आहे: हिच्या यूएआरटीला फिफो, म्हणजे आलेले बाइट रांगेत धरून ठेवणारी जागा, नाही. आत बिट गोळा करणारं एक शिफ्ट रजिस्टर आणि बाहेर एक डेटा रजिस्टर, एवढाच संसार. १,१५,२०० बॉडला एक बाइट येताना काय होतं ते जवळून पाहू. लाइन खाली पडते, तो स्टार्ट बिट. मग आठ बिट, मग स्टॉप बिट. एकूण दहा बिट, ८६.८ मायक्रोसेकंद. स्टॉप बिट संपताच शिफ्ट रजिस्टरमधला बाइट डेटा रजिस्टरमध्ये उतरतो, आरएक्सएनई (बाइट वाचायला तयार) हा झेंडा वर होतो आणि इंटरप्ट सुटतो, म्हणजे प्रोसेसर हातातलं काम सोडून हँडलर नावाचा छोटा कोड चालवतो. समोरचं यंत्र थांबलेलं नसेल तर त्याच क्षणी पुढच्या बाइटचा स्टार्ट बिट सुरू झालेला असतो. म्हणजे हँडलरला डेटा रजिस्टर रिकामं करायला बरोबर ८६.८ मायक्रोसेकंद मिळतात. तेवढ्यात ते झालं नाही तर ओआरई, म्हणजे ओव्हररन. त्यात जुना बाइट सुरक्षित राहतो आणि नवा हरवतो. बरेच जण हे उलटं समजून बसलेले असतात.

१८० मेगाहर्ट्झला ८६.८ मायक्रोसेकंद म्हणजे १५,६२५ घड्याळ-ठोके. भरपूर वाटतात. पण ९,२१,६०० बॉडला हीच मुदत १०.८५ मायक्रोसेकंदांवर, म्हणजे सुमारे १,९५० ठोक्यांवर येते. त्यात फ्रीआरटॉसचे क्रिटिकल सेक्शन (इंटरप्ट झाकून चालणारे तुकडे), दुसऱ्या एखाद्या वरच्या इंटरप्टचा लांबलेला हँडलर, आणि एसटीच्या एचएएल लायब्ररीची प्रत्येक इंटरप्टला होणारी झेंडे-तपासणी, सगळं बसवायचं. सरासरी हिशेबाला इथे किंमत नाही. हजारात एकदाच कोणी ११ मायक्रोसेकंद अडवलं, तरी त्या वेळी आलेला बाइट गेलाच.

बॉड रेटची अचूकता मात्र उत्तम. यूएसएआरटी२ला ४५ मेगाहर्ट्झचं घड्याळ मिळतं, त्यातून १,१५,२०० मागितलं की प्रत्यक्षात १,१५,०८९ निघतं. चूक ०.१ टक्क्याच्या आत. ९,२१,६०० ला ती ०.३५ टक्के, तीही चालते. क्रिस्टलच्या जागी इथे एसटी-लिंककडून येणारे ८ मेगाहर्ट्झ वापरलेत, म्हणून क्यूबएमएक्समध्ये बाह्य घड्याळ 'बायपास' प्रकारचं निवडायचं. बोर्डाचा एसटी-लिंकचा तुकडा तोडून वेगळा काढता येतो, तो काढलात तर हे घड्याळही गेलं. मग आतल्या १६ मेगाहर्ट्झच्या आरसी घड्याळावर भिस्त, आणि ते तापमानाबरोबर सरकतं.

सोपी वाट का टाळावी

यूट्यूबवरच्या बहुतेक धड्यांत दाखवतात ती पद्धत अशी: रिसीव्ह-आयटी हे इंटरप्टने ग्रहण करणारं फंक्शन एका बाइटसाठी मारायचं, बाइट आला की कॉलबॅकमध्ये (एचएएल बोलावते ते तुमचं फंक्शन) तो क्यूमध्ये, म्हणजे टास्कसाठीच्या रांगेत, टाकायचा आणि पुन्हा रिसीव्ह-आयटी मारायचं. चालते. १,१५,२०० पर्यंत, हलक्या भाराला, बऱ्यापैकी चालते. तिच्यात तीन भोकं आहेत.

पहिलं, फ्रीआरटॉसची क्यू प्रत्येक बाइटला स्वतंत्र वस्तू मानते. दर बाइटला मास्किंग (इंटरप्ट झाकणं), नक्कल आणि वाट पाहणाऱ्या टास्कची यादी तपासणं. फ्रीआरटॉसच्या स्वतःच्या कागदपत्रांतही म्हटलंय की डेमोमधली बाइटगणिक क्यू ही पोर्टची चाचणी घेण्यासाठी आहे, कार्यक्षम नमुना म्हणून नाही. लोक मात्र नेमकी तीच उचलतात.

दुसरं भोक जास्त घातक. ओव्हररन आला की एचएएल चालू असलेलं ग्रहण बंद करते आणि एरर-कॉलबॅक बोलावते. तो कॉलबॅक तुम्ही लिहिलेला नसेल तर पुढे कोणीच रिसीव्ह-आयटी पुन्हा मारत नाही. पाठवणं चालू, टास्क चालू, एलईडी लुकलुकतोय, फक्त येणारं काही ऐकू येत नाही. रीसेट केलं की पुन्हा ठणठणीत. 'दोन दिवसांनी आपोआप बंद पडतं' या तक्रारीचं मूळ बहुधा इथेच सापडतं. म्हणून एरर-कॉलबॅकमध्ये दोन गोष्टी हव्यातच: कोणत्या प्रकारची चूक किती वेळा झाली ते मोजणारा काउंटर आणि ग्रहण पुन्हा सुरू करणारी ओळ.

तिसरं, एचएएलच्या जुन्या आवृत्त्यांत पाठवणं आणि घेणं या दोन्हींसाठी एकच कुलूप होतं. टास्क ट्रान्समिट-आयटीच्या आत असताना नेमका बाइट आला आणि कॉलबॅकने रिसीव्ह-आयटी मारलं, तर उत्तर मिळायचं 'बिझी'. परत आलेली किंमत न तपासणाऱ्याचं ग्रहण तिथेच मेलं. नव्या आवृत्त्यांत हे सुधारलंय, पण कॉलेजच्या प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं तीच झिप फिरते, तेव्हा आवृत्ती पाहून घ्या.

एचएएल नको म्हणून स्वतःचा हँडलर लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. फक्त आरएक्सएनई पाहून बाइट उचलू नका. क्वचित असं होतं की बाइट वाचला जातो त्याच क्षणी ओव्हररन येतो. मग आरएक्सएनई खाली आणि ओआरई वर अशी अवस्था राहते. ओआरईनेही इंटरप्ट सुटतोच, तुम्ही काही वाचत नाही, हँडलर संपतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो. टास्कना प्रोसेसर मिळतच नाही. आधी स्टेटस रजिस्टर वाचायचं, मग डेटा रजिस्टर वाचायचं, याच क्रमाने ओआरई उतरतो.

फ्रीआरटॉस कुठे नडतो

फ्रीआरटॉस २००३ पासून आहे, २०१७ मध्ये ॲमेझॉनकडे गेला आणि त्याच सुमारास आवृत्ती १० एमआयटी परवान्याखाली आली. सीरियलवाल्यांसाठी त्या आवृत्तीची खरी भेट म्हणजे स्ट्रीम बफर, हँडलरकडून टास्ककडे बाइटांचा प्रवाह नेणारी टाकी. त्याकडे येतोच. आधी प्रायॉरिटी, कारण घोडं पेंड खातं ते इथेच.

कॉर्टेक्समध्ये इंटरप्टचा आकडा जितका लहान तितका मान मोठा. फ्रीआरटॉसच्या टास्कमध्ये बरोबर उलट. या चिपला प्रायॉरिटीचे चार बिट आहेत, म्हणजे ० ते १५ असे १६ स्तर. क्यूबच्या कॉन्फिग फाइलीत सिसकॉलची मर्यादा ५ ठेवलेली असते. याचा अर्थ ५ ते १५ मधले इंटरप्टच फ्रीआरटॉसची 'फ्रॉम-आयएसआर' (हँडलरमधून वापरायची) फंक्शनं बोलावू शकतात. ० ते ४ मधल्यांना तो कधी अडवत नाही, पण त्यांनीही त्याच्या वाटेला जायचं नाही. गंमत अशी की रीसेटनंतर प्रत्येक इंटरप्टची प्रायॉरिटी ० असते. हाताने कोड लिहिताना प्रायॉरिटी लावायला विसरलात तर पहिल्याच बाइटला कॉन्फिग-असर्टमध्ये (चूक दिसली की तिथेच थांबवणारी तपासणी) कायमचा मुक्काम. असर्ट काढून टाकला असेल तर वाईट: यादीचे दुवे बिघडतात आणि आठवड्याने भलत्याच टास्कमध्ये हार्ड फॉल्ट येतो. असर्ट कधीही काढू नका.

हीच मर्यादा कुठे ८० अशी दिसली, तर त्याने गोंधळू नका. हार्डवेअर वरचे चार बिट वापरतं, म्हणून ५ चे चार घरं सरकवून ८० होतात. एनव्हीआयसीच्या (इंटरप्टच्या प्रायॉरिटी सांभाळणारा भाग) एचएएल फंक्शनला मात्र ५ किंवा ६ असा साधा आकडाच द्यायचा.

दुसरी चूक चटकन लक्षात येत नाही, कारण तीत काही मोडत नाही. इंटरप्टने टास्कला उठवलं, पण हँडलरच्या शेवटी यील्ड-फ्रॉम-आयएसआर (लगेच टास्क बदलायला सांगणं) मारलं नाही. टास्क जागी झाली, पण तिला पाळी मिळणार पुढच्या टिकला, म्हणजे फ्रीआरटॉसच्या घड्याळाच्या पुढच्या ठोक्याला. टिक १ मिलिसेकंदाचा असेल तर तेवढा उशीर. १,१५,२०० ला त्या वेळात साडेअकरा बाइट येतात, ९,२१,६०० ला ९२. लक्षण: उत्तरं बरोबर येतात पण मिलिसेकंदाच्या ठेक्यात अडखळत. लॉजिक ॲनलायझरवर हे लगेच दिसतं.

आणखी एक फसवणूक सुरुवातीच्या काही ओळींत. शेड्यूलर (टास्कना पाळी देणारा भाग) सुरू व्हायच्या आधी तुम्ही क्यू किंवा बफर तयार केलात की फ्रीआरटॉस आपल्या मर्यादेखालचे इंटरप्ट झाकतो आणि शेड्यूलर सुरू होईपर्यंत उघडत नाही. त्या मधल्या वेळात मॉडेमशी 'एटी' बोलायचा प्रयत्न केला किंवा एचएएल-डिले मारला तर बोर्ड तिथेच गोठतो. यंत्रांशी बोलणं टास्कच्या आतच सुरू करा. उलट बाजूने, क्यू तयार व्हायच्या आधी यूएआरटीचा इंटरप्ट उघडला आणि केबलवर आधीच कोणी बोलत असेल, तर पहिला बाइट नसलेल्या क्यूवर जाऊन आदळतो. क्रम असा: आधी बफर, मग शेड्यूलर, मग टास्कमधून ग्रहण चालू. एचएएलच्या घड्याळासाठी सिसटिक न ठेवता टीआयएम६ हा वेगळा टायमर द्या, क्यूबएमएक्स स्वतःच तशी सूचना देतं.

जी बांधणी टिकते

फिफो नाही, मग डीएमएलाच (प्रोसेसरला न अडवता बाइट थेट मेमरीत नेणारा भाग) फिफो करायचं. यूएसएआरटी२च्या ग्रहणासाठी डीएमए१चा स्ट्रीम ५, चॅनल ४. यूएसएआरटी१साठी डीएमए२चा स्ट्रीम २, चॅनल ४. मोड सर्क्युलर (टोक आलं की पुन्हा सुरुवातीपासून), रुंदी एक बाइट, बफर २५६ बाइटचा ग्लोबल ॲरे. मग रिसीव्ह-टू-आयडल-डीएमए हे फंक्शन एकदाच मारायचं. कॉलबॅक तीन प्रसंगी येतो: बफर अर्धा भरला, पूर्ण भरला, किंवा लाइन एका बाइटभर शांत झाली. १,१५,२०० ला २५६ बाइट भरायला २२.२ मिलिसेकंद लागतात. म्हणजे जिथे ८६.८ मायक्रोसेकंदांची मुदत होती तिथे आता ११ मिलिसेकंदांची झाली. ९,२१,६०० ला बफर १,०२४ बाइटचा घ्या, मुदत साडेपाच मिलिसेकंद मिळते.

कॉलबॅकला जो आकडा मिळतो तो 'किती नवे बाइट आले' हा नव्हे. सर्क्युलर मोडमध्ये तो बफरच्या सुरुवातीपासूनची जागा सांगतो. मागची जागा एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवायची. नवी जागा मोठी असेल तर मधला तुकडा स्ट्रीम बफरमध्ये ढकलायचा. लहान असेल तर दोन तुकडे: जुन्या जागेपासून बफरच्या टोकापर्यंत, आणि सुरुवातीपासून नव्या जागेपर्यंत. नवी जागा मागच्या जागेइतकीच असेल तर काहीच ढकलायचं नाही. ही एक तपासणी सुटली की मागचे २५६ बाइट पुन्हा येऊ शकतात.

इथे एक बारीक काटा आहे. अर्ध्या-पूर्ण बफरचा इंटरप्ट डीएमएचा आणि शांततेचा यूएआरटीचा. दोघांच्या प्रायॉरिटी वेगळ्या असतील तर एक कॉलबॅक अर्ध्यात असताना दुसरा त्यावर चढतो आणि मागच्या जागेचा हिशेब बिघडतो. दोघांना एकच आकडा द्या, समजा ६. प्रश्नच मिटला.

स्ट्रीम बफर १,०२४ बाइटचा, ट्रिगर १ (एक बाइट आला तरी टास्क उठते). 'सेंड-फ्रॉम-आयएसआर' किती बाइट लिहिले ते परत सांगतं. ते मागितल्यापेक्षा कमी निघालं तर फरक एका काउंटरमध्ये साठवा. हा आकडा वाढताना दिसला तर दोष यूएआरटीचा नाही, वाचणारी टास्क मंद आहे, एवढं तरी कळतं. स्ट्रीम बफरला एकच लिहिणारा आणि एकच वाचणारा चालतो, दोन टास्कनी वाचायला घेतलात तर मोडेल. शिवाय तो आतून टास्क-नोटिफिकेशनचा ० क्रमांकाचा कप्पा वापरतो. त्याच टास्कमध्ये तुम्ही स्वतंत्र नोटिफिकेशनची वाट पाहत असाल तर दोघं एकमेकांच्या घंटा ऐकून उठतात. आवृत्ती १०.४ पासून नोटिफिकेशनचे कप्पे अनेक ठेवता येतात, स्वतःसाठी १ क्रमांकाचा घ्या.

डीएमए लावलं म्हणजे एचएएलचा एरर-कॉलबॅक नको असं नाही. उलट जास्त हवा. डीएमए ग्रहणात नुसता ओव्हररनच नाही, तर फ्रेमिंग किंवा नॉइजची साधी चूक आली तरी एचएएल ग्रहण थांबवते. केबल काढली आणि आरएक्स पिन तरंगती राहिली तरी हे होतं. पीए१० ला आतला पुल-अप लावा, आणि एरर-कॉलबॅकमध्ये मागची जागा ० करून रिसीव्ह-टू-आयडल पुन्हा मारा. क्यूबने तयार केलेल्या मेनमध्ये डीएमएची तयारी यूएआरटीच्या तयारीआधी येते ना, तेही एकदा पाहा. क्रम उलटा असेल तर काहीच येत नाही, आणि कंपायलर एक अक्षर बोलत नाही.

पाठवण्याची बाजू सोपी आहे. साधं ट्रान्समिट हे फंक्शन बाइट जाईपर्यंत झेंडा बघत बसतं. १०० बाइटला ८.७ मिलिसेकंद. वरच्या प्रायॉरिटीच्या टास्कमधून मारलं तर खालच्या सगळ्या टास्क तेवढा वेळ उपाशी. एक 'द्वारपाल' टास्क ठेवा. बाकीच्यांनी आपले संदेश तिच्या मेसेज बफरमध्ये म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारी किल्ली) घेऊन टाकायचे, तिने डीएमएने पाठवून पूर्ण झाल्याच्या नोटिफिकेशनची वाट पाहायची. फंक्शनच्या आतल्या लोकल ॲरेचा पत्ता डीएमएला देऊन फंक्शनमधून बाहेर पडू नका. पहिले काही बाइट बरोबर आणि पुढे कचरा दिसला की हेच झालंय असं खुशाल समजा. संदेश घडवायला एसएनप्रिंटएफ वापरत असाल तर क्यूबची मूळ १२८ शब्दांची, म्हणजे ५१२ बाइटची स्टॅक पुरणार नाही. ५१२ शब्द द्या आणि स्टॅक-ओव्हरफ्लो तपासणी २ वर ठेवा. ती मुळात बंद असते.

मीटरच्या कामासाठी घेणार असाल तर

भोसरी-चाकणच्या पॅनेलवाल्यांचं बरंचसं काम आरएस-४८५ या सीरियल लाइनवरच्या मॉडबसचं, म्हणजे मीटरशी बोलायच्या ठरलेल्या पद्धतीचं. तिथे हा बोर्ड चालतो, पण हाताला काम पडतं. या पिढीच्या यूएसएआरटीला ड्रायव्हर-एनेबल पिन (पाठवायचं की ऐकायचं ती दिशा ठरवणारी) स्वतः हलवता येत नाही, ती तुम्हालाच हलवायची. डी७, म्हणजे पीए८, सोयीची आहे. ट्रान्सीव्हर ३.३ व्होल्टचा घ्या, मॅक्स३४८५ जातीचा. साधा मॅक्स४८५ हा ५ व्होल्टचा. डीएमएने शेवटचा बाइट दिला तेव्हा तो वायरवर गेलेला नसतो. एक बाइट डेटा रजिस्टरमध्ये आणि एक शिफ्ट रजिस्टरमध्ये अजून असतो. तेव्हाच दिशा बदलली तर सीआरसीचे (चूक पकडणारे) दोन्ही बाइट छाटले जातात आणि मीटर गप्प राहतो. टीसी (पाठवणं पूर्ण) झेंडा वर झाल्यावरच पिन खाली करायची. एचएएलचा ट्रान्समिट-पूर्ण कॉलबॅक त्यानंतरच येतो, म्हणून पिन त्या कॉलबॅकमध्येच खाली करा. टास्कला उठवून तिच्याकडून करवलं तर चपळ मीटरच्या उत्तराचा पहिला बाइट तुमच्याच ड्रायव्हरखाली चिरडतो.

शांततेचा इंटरप्ट म्हणजे मॉडबसची चौकट संपली, असंही समजू नका. तो एका अक्षराच्या शांततेवर येतो. मॉडबस आरटीयूला साडेतीन अक्षरं लागतात, ९,६०० बॉडला ११ बिटांच्या अक्षराने ४ मिलिसेकंद, आणि १९,२०० च्या वर सरसकट १.७५ मिलिसेकंद. शांततेच्या इंटरप्टवर हार्डवेअर टायमर सुरू करा आणि तो संपल्यावर चौकट द्या. फ्रीआरटॉसचा सॉफ्टवेअर टायमर १ मिलिसेकंदाच्या टिकवर चालतो, पावणेदोनची अचूकता त्याच्याकडून मागू नका.

साइटवर सेटिंग फ्लॅशमध्ये जपत असाल तर हेही लक्षात घ्या. एफ४४६ची फ्लॅश एकाच बँकेची आहे. १२८ केबीचा सेक्टर पुसायला १ ते २ सेकंद जातात, आणि तेवढा वेळ फ्लॅशमधून चालणारा कोड, इंटरप्टसकट, थिजतो. १,१५,२०० ला एका सेकंदात ११,५२० बाइट येतात. डीएमए रॅममध्ये लिहीत राहतं, पण २५६ बाइटचा बफर तोवर ४५ वेळा स्वतःवरून फिरलेला असतो. १६ केबीचे लहान सेक्टर वापरा आणि पुसण्याआधी समोरच्याला थांबवा, किंवा सरळ बाहेरची आय-स्क्वेअर-सी मेमरी लावा.

चाचणी घेताना

'हॅलो' पाठवून 'हॅलो' परत आलं ही चाचणी नव्हे. पीसीवरून पायथनच्या पायसीरियलने ० ते २५५ चे बाइट अखंड चक्रात सोडा, बोर्डवर पुढचा अपेक्षित बाइट तपासा, चुकला की काउंटर वाढवा. हे रात्रभर, बाकीच्या सगळ्या टास्क चालू ठेवून. वेळा मोजायला मात्र व्हर्च्युअल कॉम पोर्टवर विसंबू नका, यूएसबी बाइटांचे गठ्ठे करून देते. हँडलरच्या सुरुवातीला डी४ वर करा, शेवटी खाली करा आणि २४ मेगाहर्ट्झचा आठ वाहिन्यांचा स्वस्त लॉजिक ॲनलायझर आरएक्ससोबत लावा. स्टॉप बिटपासून डी४ची कड किती लांब आहे, यापेक्षा ती सर्वांत लांब कधी गेली हे बघायचं.

आणि ब्रेकपॉइंटवर थांबून 'ओव्हररन का येतोय' हे शोधू नका. थांबलात म्हणूनच येतोय. त्याहून मजेशीर म्हणजे आयडीईच्या रजिस्टर खिडकीत यूएसएआरटीचं पान उघडं ठेवलं तर डीबगर डेटा रजिस्टर वाचतो, आणि वाचलं की आरएक्सएनई उतरतो. बाइट तुमच्या कोडच्या आधी खिडकीनेच खाल्ला.

मग घ्यावा का?

शिकण्यासाठी जरूर घ्या. सीडॅकचा एम्बेडेडचा अभ्यासक्रम करणाऱ्याला किंवा शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवाल्याला या बोर्डाइतकं साहित्य, उदाहरणं आणि आधी ठेचकाळलेले लोक क्वचितच दुसरीकडे मिळतील. फिफो नसल्यामुळे इंटरप्टची मुदत म्हणजे काय ते पहिल्याच आठवड्यात कळतं. शिवाय या चिपला डेटा कॅश नाही, त्यामुळे एच७ सारख्या मोठ्या भावंडांवर डीएमए बफर शिळा वाचला जाण्याची जी भानगड होते ती इथे नाही.

नवं उत्पादन बेतत असाल तर मात्र याच आकाराचा न्यूक्लिओ-जी४७४आरई आधी बघा. १७० मेगाहर्ट्झ, म्हणजे कागदावर जरा हळू. पण यूएआरटीला ८ बाइटचा फिफो, ड्रायव्हर-एनेबल हार्डवेअरमध्येच, मॉडबसच्या साडेतीन अक्षरांसाठी नेमका उपयोगी पडणारा रिसीव्हर टाइमआउट, आणि दोन बँकांची फ्लॅश. वर रडगाणं गायलेल्या बहुतेक गोष्टी तिथे रजिस्टरच्या एकेका बिटावर मिटतात. फक्त एकदोन सेन्सर वाचून वायफायवर टाकायचे असतील तर दोन्ही सोडा. ईएसपी३२ ला १२८ बाइटचा फिफो आहे आणि त्याच्या आयडीएफमधला यूएआरटी ड्रायव्हर फ्रीआरटॉसच्या क्यूवर घटना पाठवणारा, बराच तयार मिळतो. रास्पबेरी पाय पिकोच्या यूएआरटीलाही ३२ बाइटचा फिफो आहे.

एफ४४६ घ्यायचाच ठरला तर सोबत मिनी-बी केबल, ३.३ व्होल्टचा आरएस-४८५ मॉड्यूल, लॉजिक ॲनलायझर आणि जंपर घ्या. पहिल्या दिवशी एक जंपर डी८ वरून डी२ वर टाका आणि स्वतःचंच बोलणं स्वतःला परत ऐकवा. मोजणीचे बाइट तिथे रात्रभर न चुकता आले, की मगच मीटरची वायर जोडा.